जुन्या कॅमेऱ्याला कारागीर शोधताना

वलगावातल्या एखाद्या घरात माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली आणि आतून चामड्याच्या केसमधला जुना कॅमेरा निघाला, तर तो दुरुस्त करून देणारा माणूस आता भेटणार कुठे? गाव अमरावतीपासून आठ-दहा किलोमीटरवर, परतवाडा रोडला. अमरावतीला जाऊन राजकमल चौक, जवाहर गेट या भागातल्या फोटो स्टुडिओंत विचारायला फार वेळ लागत नाही. काउंटरवरचा तरुण कॅमेरा उलटसुलट करून पाहतो, फिल्म ओढायचा दांडा एकदा फिरवतो आणि परत ठेवतो. "याचं आता कोनी करत नाई भाऊ. शोकेसमंदी ठेवून द्या."

त्याचं उत्तर प्रामाणिक असतं. त्याच्या कामात कॅमेरा बिघडला म्हणजे आतलं सर्किट बदलायचं किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचा. तेवढ्यावर अनेक जण शोध सोडून देतात. पण जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे बहुतेक बिघाड हाताने दुरुस्त होण्याजोगे असतात आणि ते करणारे लोकही आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा सर्वांत भरवशाचा रस्ता म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला नेमकं काय झालं आहे ते शब्दांत सांगता येणं. "कॅमेरा बंद आहे" म्हटलं तर दहापैकी नऊ दारं बंद होतात. "दांडा फिरतो, बटण दाबलं की आवाज येतो, पण शटरची पाती उघडत नाहीत" असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

दोन खिडक्या आणि एक आरसा

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजणारं यंत्र. हाताचा अंगठा समोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकताना दिसेल. हात डोळ्यांजवळ आणला की तो जास्त सरकतो, लांब नेला की कमी. कॅमेऱ्यातही याच तत्त्वावर काम चालतं. पुढच्या बाजूला एक मोठी आणि एक छोटी अशा दोन खिडक्या असतात. छोट्या खिडकीतून आलेलं दृश्य आतल्या आरशावर वळतं आणि अर्धपारदर्शक काचेवरून मोठ्या खिडकीतल्या दृश्यावर येऊन बसतं. म्हणून डोळा लावला की मधल्या लहानशा चौकोनात माणसाची दोन नाकं दिसतात. भिंग फिरवलं की आतली तरफ तो आरसा किंचित वळवते. दोन नाकांचं एक झालं की फोकस जुळला.

हे 'किंचित' किती, ते पाहण्यासारखं आहे. दोन खिडक्यांमध्ये ६० मिलिमीटर अंतर धरलं, तर एक मीटरवरच्या वस्तूसाठी दोन किरणांमधला कोन साधारण ३.४ अंश भरतो. दहा मीटरवर तो ०.३४ अंशावर येतो. आरसा वळतो त्याच्याही निम्मा. इतक्या बारीक हालचालीवर सगळा फोकस अवलंबून असल्याने कॅमेरा एकदा टेबलावरून पडला तरी जुळणी बिघडू शकते. शिवाय ४५ मिलिमीटरचं भिंग एफ/१.७ वर पूर्ण उघडून एक मीटरवरचा चेहरा टिपला, तर जेमतेम पाच सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. जुळणी थोडी जरी हलली तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात.

एसएलआर कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच पाहतो. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची वाट वेगळी आणि फोटोची वाट वेगळी. त्यामुळे खिडकीतून सगळं लख्ख दिसत असलं तरी भिंगाला बुरशी लागलेली असू शकते, आणि खिडकी धुरकट असली तरी फोटो उत्तम येऊ शकतात. या कॅमेऱ्याचा आजार ओळखताना दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आपल्या घरांत आलेले कॅमेरे

१९२५ साली जर्मनीत बाजारात आलेल्या पहिल्या लायकात रेंजफाइंडर आत बसवलेला नव्हता. भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर १९३२ मध्ये लायका-२ आणि कॉन्टॅक्स या दोन कॅमेऱ्यांत आला. १९५४च्या लायका एम-३ने ही रचना इतकी पक्की केली की आजचे एम मालिकेतले लायकाही त्याच वळणावर बनतात. आरसा उडण्याचा आवाज नाही, कॅमेरा हातात मावणारा, म्हणून वृत्तछायाचित्रकारांनी तो उचलून धरला. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडं आधी महात्मा गांधींना भेटलेले छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा कॅमेराही लायकाच होता.

लायका आपल्याकडच्या मध्यमवर्गाला परवडणारा नव्हता. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात बहुतेक घरांत बडोद्याला बनलेला साधा ॲग्फा क्लिक-थ्री असे. रेंजफाइंडर आला तो परदेशी नोकरीला असलेल्या काकांच्या किंवा मामांच्या बॅगेतून. पेट्यांतून आज निघतात ते मुख्यतः जपानी: १९६६ पासून निघालेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ मालिकेतला एखादा, कॅननचा कॅनोनेट, मिनोल्टाचा हाय-मॅटिक. हाय-मॅटिकचा मान मोठा आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा अन्स्को नावाने विकला जाणारा हाच कॅमेरा बरोबर घेऊन गेले होते.

दुसरा गट सोव्हिएत कॅमेऱ्यांचा. खारकीव्हला शिक्षणतज्ज्ञ मकारेन्को यांनी चालवलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत लायका-२च्या धर्तीवर फेड तयार झाला. पुढे झोर्की आला, आणि कॉन्टॅक्सच्या जर्मन यंत्रसामग्रीतून किएव आला. हा गट लक्षात ठेवायचा, कारण त्याची हाताळणी वेगळी आहे. झोर्की-४ किंवा फेडमध्ये शटरचा वेग बदलायचा तो दांडा फिरवून झाल्यावरच. आधी बदलला तर आतली यंत्रणा अडकते किंवा मोडते. पेटीतून निघालेला कॅमेरा तपासण्याच्या उत्साहात अनेकांनी तो याच चुकीने बंद पाडला आहे.

बाजारात जाण्याआधी घरातली तपासणी

आधी आवाज ऐका. दांडा फिरवा, बटण दाबा. मागचं दार उघडून कॅमेरा उजेडाकडे धरा आणि आतून पाहा. कॅनोनेट, याशिका, हाय-मॅटिक यांचं शटर भिंगातच असतं. त्याची पातळ पाती क्षणभर उघडून मिटायला हवीत. दांडा फिरला, टिक असा आवाज आला आणि पाती जागची हलली नाहीत, तर त्यांच्यावर तेल आलेलं आहे.

हळू वेग मोजायला मोबाइल पुरतो. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा फोन उघड्या दारासमोर ठेवा. एक सेकंदाच्या वेगावर शटर सुमारे २४० चित्रांत उघडं दिसायला हवं, एक-तिसांशवर आठ चित्रांत. एक सेकंदाला चारशे चित्रं निघाली तर यंत्रणा सुस्त झाली आहे, हे कारागिराला आकड्यात सांगता येतं. एक-पाचशेसारखे वेग फोनला मोजता येत नाहीत.

मग रेंजफाइंडर. दीड-दोन किलोमीटरवरचा मोबाइल टॉवर धरा. वलगावच्या शिवारात उभं राहिलं की असा टॉवर दिसायला अडचण नाही. भिंग अनंत खुणेवर नेलं की टॉवरच्या दोन प्रतिमांची एक व्हायला हवी. आडवा फरक राहिला तर अनंताची जुळणी गेली. एक प्रतिमा वर आणि एक खाली राहिली तर उभी जुळणी गेली. या दोन तक्रारींचे स्क्रू वेगळे असतात, म्हणून त्या वेगळ्या लिहाव्यात. नंतर टेप लावून एक मीटरवर पुस्तक उभं करा आणि भिंगावरचा आकडा प्रतिमेशी जुळतो का पाहा. दूर बरोबर आणि जवळ चूक, हीही वेगळी तक्रार आहे.

शेवटी बॅटरीचा कप्पा. हिरवट-पांढरा थर दिसला तर जुनी बॅटरी आत फुटलेली आहे. इथे एक गैरसमज होतो. या जुन्या कॅमेऱ्यांपैकी बरेच पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे त्या बंद होत गेल्या आणि २०१३च्या मिनामाता करारानंतर त्यांचा विषयच मिटला. त्यामुळे लाइट मीटर मेला म्हणून कॅमेरा टाकून दिला जातो. खरं तर कॅनोनेटच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीच्या जागी श्रवणयंत्रातली ६७५ नंबरची १.४ व्होल्टची बॅटरी एखादी कडी लावून बसते. ती अमरावतीत श्रवणयंत्रांच्या दुकानात मागावी. याशिका इलेक्ट्रोची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची. तिथे सहा व्होल्टची छोटी अल्कलाइन बॅटरी अडॅप्टर लावून चालते. याशिकात दांडा फिरवताना येणारा हलका 'खट्' आवाज नाहीसा झाला असेल, तर आतली रबराची छोटी गादी झिजून चुरा झालेली असण्याची शक्यता मोठी. हा या मॉडेलचा ठरलेला आजार आहे आणि त्यावरचा इलाजही कारागिरांना पाठ आहे.

वऱ्हाडचा उन्हाळा, वऱ्हाडचा पावसाळा

आपल्याकडच्या कॅमेऱ्यांचे आजार बरेचसे हवेने ठरवलेले आहेत. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून जास्त उष्णता साठते. भिंगाच्या आट्यांवरचं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल सरकत शटरच्या पात्यांवर पोचतं. उरलेलं ग्रीस घट्ट होऊन भिंग फिरेनासं होतं. दारांच्या खाचांतला फोम चिकट काळ्या लगद्यासारखा होतो आणि तिथून उजेड आत शिरतो. फोटोंवर येणारे केशरी पट्टे त्याचेच. पावसाळ्यात चामड्याची केस ओल धरते आणि बंद अंधारात काचेवर बुरशी जाळं विणते. चामड्याची केस जपावी, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

ज्या कॅमेऱ्यांना कापडी पडद्याचं शटर आहे, म्हणजे लायका, फेड, झोर्की, त्यांना उन्हाचा आणखी एक धोका असतो. भिंगामागे आरसा नसल्यामुळे टोपण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर भिंग ऊन गोळा करून पडद्याला बारीक भोक पाडतं. मग प्रत्येक फोटोत ठरावीक जागी पांढरा ठिपका येतो. हा ठिपका दिसला की तक्रार कापडाची आहे, भिंगाची नाही.

यावरून लक्षात येईल की बहुतेक आजार मोडतोडीचे नसून साचलेल्या मळाचे आहेत. कॅमेऱ्याची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः साफसफाई, मग योग्य जागी सुईच्या टोकाएवढं तेल आणि शेवटी जुळणी. "नुसतं साफच तर करायचं, त्याचे एवढे पैसे?" असं गिऱ्हाईक विचारतं. जन्मभर हाती खराटा धरलेल्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी ज्या वलगावाजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला, त्या गावाने तरी साफसफाईला हलकं काम समजू नये. शटरचं एक पातं केसाहून किती जाड असेल? त्याला वाक न आणता तेल उतरवायचं, सुकवायचं, पुन्हा तपासायचं आणि तेल परत आलं तर पहिल्यापासून सुरुवात करायची. पैसे या धीराचे आणि हाताचे असतात.

जायचं कोणाकडे?

पहिला माणूस गावातच किंवा अमरावतीत सापडू शकतो: जुना घड्याळजी. स्प्रिंग, दातेरी चाकं, बारीक स्क्रू यांची त्याच्या बोटांना सवय असते. बॅटरीच्या कप्प्यातला गंज काढणं, सैल दांडा घट्ट करणं, फोम खरवडून काळ्या लोकरीचा धागा किंवा मखमल लावणं एवढं तो करू शकतो. पण भिंगाची आणि रेंजफाइंडरची जुळणी त्याचं क्षेत्र नाही. तिथे "बघतो उघडून" म्हणणाऱ्याला थांबवावं. विशेषतः अर्धपारदर्शक काच कापसाने पुसू देऊ नये. तिच्यावरचा चांदीचा थर एका फटक्यात निघून येतो आणि दुसरी प्रतिमा कायमची हरवते.

दुसरा माणूस म्हणजे रीळवाल्या काळात लग्नांचे फोटो काढलेला फोटोग्राफर. दुरुस्ती तो स्वतः करत नसेल, पण आपले कॅमेरे तो नागपूरला किंवा मुंबईला कोणाकडे पाठवायचा, तो कारागीर हयात आहे का, त्याच्या हाताखालचा पोरगा कुठे बसतो, हे त्याला ठाऊक असतं. या धंद्याचे पत्ते पाट्यांवर लिहिलेले नसतात. बरेच कारागीर जिन्याखालच्या खोलीत किंवा राहत्या घरी काम करतात. म्हणून आधी जुन्या स्टुडिओच्या मालकाशी निवांत बोलावं.

तिसरं ठिकाण मुंबई. फोर्टमधला बोरा बाजार आणि दादाभाई नौरोजी रोडचा परिसर कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीचा आणि दुरुस्तीचा जुना बाजार आहे. अमरावतीहून रात्रीच्या मुंबई एक्स्प्रेसने निघालं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तिथे चालत जाता येतं. दिल्लीत चांदणी चौकातला कुचा चौधरी आणि कोलकात्यात मेट्रो गल्ली असे बाजार आहेत. शक्य असेल तर पहिल्यांदा स्वतः जावं. कारागिरासमोर कॅमेरा ठेवून दहा मिनिटं बोलण्याने जे कळतं ते कुरिअरच्या खोक्यावर चिठ्ठी चिकटवून कळत नाही. पाठवायचाच झाला तर बॅटरी काढून, शटर सोडलेल्या अवस्थेत, दोन खोक्यांत पाठवावा आणि अंगावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.

चांगला कारागीर कसा ओळखावा?

तो आधी विचारतो. मॉडेल कोणतं, कधीपासून बंद, आधी कोणी उघडला होता का? हे विचारताना त्याची नजर स्क्रूंच्या माथ्यांवर असते. जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंना जपानी मापाचा पेचकस लागतो. साधा पेचकस लावला की फुलीचे कोपरे झिजतात. झिजलेला माथा दिसला की त्याला कळतं, आपल्याआधी इथे कोणीतरी येऊन गेलं आहे.

त्याच्या टेबलावर लक्ष ठेवा. काढलेला प्रत्येक स्क्रू तो क्रमाने ट्रेमध्ये ठेवतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढतो. जुळणी झाल्यावर स्क्रू हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका देतो. तो तेलाचा स्प्रे आसपास ठेवत नाही. उघडण्याआधी "होऊन जाईल" अशी हमी देत नाही. तपासणीचे पैसे वेगळे सांगतो आणि सुटा भाग मिळत नसेल तर तोच भाग असलेला बंद कॅमेरा शोधावा लागेल, असं स्पष्ट बोलतो. काय येत नाही तेही सांगतो. कापडी पडदे उत्तम बदलणारा माणूस याशिकाच्या सर्किटला हात लावणार नाही, आणि त्याने तसं सांगणं हीच त्याच्या कामाची खूण आहे.

आपणही त्याला तीन गोष्टी सांगाव्यात: तक्रारींची यादी, मोजलेले वेग आणि आपल्याला कॅमेरा कशासाठी हवा आहे. कपाटात ठेवण्यासाठी हवा असेल तर बाहेरून स्वच्छता पुरे. फोटो काढायचे असतील तर पूर्ण सफाई आणि जुळणी करून घ्यावी.

परत आल्यावर

कॅमेरा हाती आला की लगेच लग्नाला घेऊन जाऊ नये. आधी एक रीळ तपासणीसाठी खर्च करावं. भिंग पूर्ण उघडून एक मीटर, तीन मीटर आणि दूरचा टॉवर असे फोटो घ्यावेत. एकाच दृश्याचे वेगवेगळ्या शटरवेगांवर फोटो घ्यावेत आणि प्रत्येकाची वहीत नोंद करावी. धुतलेलं रीळ आणि ती वही दोन्ही कारागिराला दाखवावीत. काही चुकलं असेल तर तो त्यावरून दुसऱ्यांदा अचूक जुळणी करतो. चांगल्या कारागिराला असा ग्राहक आवडतो. दुरुस्तीनंतर कॅमेरा नुसता ठेवूनही देऊ नये. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर शटर चालवलं की तेल-ग्रीस जागेवर राहतं.

कारागीर कमी होत चालले आहेत, हे खरं आहे. त्याचं मोठं कारण त्यांच्याकडे येणारं काम आटलं हे आहे. हाताची कला पुस्तकात साठवून ठेवता येत नाही. रोज टेबलावर कॅमेरे आले तरच ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. आपल्याकडे ही बुद्धी कमी कधीच नव्हती. १९१८च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि त्यांच्या कंपनीचा 'सैरंध्री' १९२०मध्ये पडद्यावर आला. बाबूरावांबरोबर या खटाटोपात असलेले त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव १९१६ मध्येच गेले होते, तरी काम थांबलं नाही. जिथे अख्खा कॅमेरा घडू शकला, तिथे घडलेला कॅमेरा दुरुस्त करणारे हात पुन्हा तयार होऊ शकतात.

अमरावतीच्या आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचं शिक्षण घेतलेला मुलगा किंवा घड्याळजीच्या दुकानात बसणारी पुढची पिढी हे काम शिकू शकते. त्यासाठी त्यांना मोडका कॅमेरा उघडून पाहायला मिळायला हवा आणि जाणत्या कारागिरासमोर काही महिने बसायला मिळायला हवं. म्हणून माळ्यावर दोन कॅमेरे निघाले आणि त्यातला एक अगदीच गेलेला असेल, तर तो भंगारात घालू नये. चांगला कॅमेरा जाणत्याकडे द्यावा आणि गेलेला शिकणाऱ्याकडे. दुरुस्तीचे पूर्ण पैसे न कुरकुरता मोजावेत, आणि काम मनासारखं झालं तर त्या कारागिराचं नाव त्याच्या परवानगीने आणखी चार जणांना सांगावं. आपल्याला त्याच्यापर्यंत पोचायला जो शोध घ्यावा लागला, तो पुढच्या माणसाचा तेवढ्याने वाचेल, आणि कारागिराच्या टेबलावर पुढचं काम येईल.